अंगावरचे जुने व्रण आणि कारागृहातील स्त्रिया : आधार म्हणजे नेमके काय

कारागृहात नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक बंदिनीची वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्या अंगावरच्या जखमा व खुणा नोंदवहीत लिहिल्या जातात. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम २४ ने ही पद्धत घालून दिली आणि स्त्रीची झडती व तपासणी स्त्री कर्मचाऱ्याकडूनच व्हावी, हेही त्याच कलमात सांगितले. नोंदीला चांगला उपयोग आहे, कारण पुढे मारहाणीची तक्रार झाली तर आधीची जखम कोणती आणि नंतरची कोणती, हे त्यावरून ठरवता येते. पण जिच्या अंगावर स्वतःच करून घेतलेल्या इजांचे जुने व्रण आहेत, तिने वर्षानुवर्षे पदराआड सांभाळलेली गोष्ट या तपासणीत पहिल्याच दिवशी परक्यांसमोर उघडी पडते. ‘डाव्या हातावर जुने व्रण’ अशी एक ओळ लिहिली जाते आणि रांगेतल्या पुढच्या बाईचा नंबर येतो. हे कधी झाले, का झाले, आता मन कसे आहे, हे प्रश्न त्या ओळीत मावत नाहीत.

या स्त्रियांना आधार कसा द्यावा, हे कारागृहातील कर्मचारी, वकील, समुपदेशक, आशा सेविका आणि घरचे लोक अशा सर्वांसाठी सोपे करून सांगण्याचा हा प्रयत्न आहे. त्यात मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. व्रण कुणाला दाखवायचा, कधी दाखवायचा आणि त्याबद्दल किती बोलायचे, याचा निर्णय शक्य तितका त्या स्त्रीच्या हाती राहिला तरच बाकीचे उपाय लागू पडतात. तो तिच्या हातून गेला, की चांगल्या हेतूने केलेली विचारपूसही तिला झडतीच वाटू लागते.

इजा का करून घेतली जाते

स्वतःला इजा करून घेणे म्हणजे दरवेळी मरण्याचा प्रयत्न नसतो. असह्य ताण, संताप, अपराधीपणा किंवा आठवणींचा मारा सहन होईनासा झाला, की काही माणसे शरीराला इजा करून त्या क्षणापुरते स्वतःला सावरतात. काहींच्या बाबतीत उलटे घडते : मन इतके बधिर होते की काहीच जाणवत नाही, आणि आपण जिवंत आहोत याची खूण म्हणून वेदना हवीशी वाटते. काहीजणी स्वतःला शिक्षा देत असतात, कारण लहानपणापासून मार आणि अपमान वाट्याला आल्यामुळे दोष आपलाच आहे हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. थोडा वेळ सुटल्यासारखे वाटते, मग शरम वाटते, शरमेने ताण पुन्हा वाढतो आणि हे चक्र सुरू राहते.

‘लक्ष वेधून घेण्यासाठी नाटक करते’ हे वाक्य आपल्याकडे घरात, दवाखान्यात आणि कोठडीत सारख्याच सहजतेने बोलले जाते. ते चुकीचे आहे आणि घातकही आहे. बहुतेक स्त्रिया या खुणा लपवण्यासाठी कितीतरी खटाटोप करतात. आणि एखादीने खरोखरच कुणाचे लक्ष जावे म्हणून हे केले असेल, तर तिच्याकडे लक्ष देण्याची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. दुसरीकडे, मरण्याचा हेतू नव्हता म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही. पूर्वी स्वतःला इजा केलेल्या व्यक्तीला पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे शांतपणे आणि सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारले, यानेच अनेकींना बोलायला वाट मिळते.

कारागृहात हा प्रश्न का चिघळतो

या विषयावरचा मोठा अभ्यास इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांत झाला. २००४ ते २००९ या काळातील नोंदी तपासून २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दरवर्षी पुरुष कैद्यांपैकी ५ ते ६ टक्के, तर स्त्री कैद्यांपैकी २० ते २४ टक्के जणी स्वतःला इजा करून घेत होत्या, असे त्यात आढळले. त्याआधी तिथल्या स्टायल येथील महिला तुरुंगात सुमारे वर्षभराच्या काळात सहा स्त्रियांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर बॅरोनेस जीन कॉर्स्टन यांनी २००७ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात पुरुषांसाठी आखलेली व्यवस्था स्त्रियांवर जशीच्या तशी लादणे थांबवावे, असे ठामपणे सांगितले होते.

आपल्याकडेही पुरुषांच्या मोठ्या कारागृहातला एक छोटा कोपरा म्हणजेच स्त्रियांचा विभाग, अशीच बहुतेक ठिकाणी स्थिती आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, आणि एकूण कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश न्यायबंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले लोक होते. विदर्भात नागपूर आणि अमरावती येथे मध्यवर्ती कारागृहे आहेत, तर यवतमाळ, अकोला, वर्धा, चंद्रपूर, भंडारा, बुलडाणा अशा ठिकाणी जिल्हा कारागृहे. मेळघाटात धारणीकडे राहणाऱ्या कुटुंबाला अमरावतीला मुलाखतीसाठी यायचे तर घाट उतरून दिवसभराचा प्रवास करावा लागतो, मजुरी बुडते आणि बसभाड्याचे पैसे कुठून तरी उभे करावे लागतात. म्हणून मुलाखती लांबतात आणि मग थांबतात. पेशीच्या तारखेमागून तारीख पडत राहते. पुढे काय होणार हे कळत नाही, लेकरे कुणाकडे आहेत आणि कशी आहेत हेही कळत नाही, आणि रात्री बराकीत दिवा चालू असताना या विचारांपासून लपायला जागा नसते.

त्यात व्रण रोज समोर येतात. ब्लाउजच्या बाह्या आखूड असतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बसणारी बाई आपोआप सगळ्यांच्या डोळ्यांत येते. घामाने जुने व्रण खाजतात, जाड झालेल्या व्रणांना कापड घासले की चुणचुण होते. भांडी घासताना, कपडे धुताना, नळावर बादली भरताना बाह्या वर करायच्या, की पाण्याने ओल्या होऊ द्यायच्या, एवढ्या साध्या गोष्टीचाही तिला दिवसातून दहा वेळा विचार करावा लागतो. झडतीच्या वेळी नवी महिला शिपाई असेल तर ‘हे काय?’ हा प्रश्न पुन्हा येतो. काहीजणी हे टाळण्यासाठी शिवणकामाला किंवा स्वयंपाकघरात कामाला जाणे सोडतात, डॉक्टरकडे जात नाहीत, मुलाखतीला नातेवाईक आले तरी हात टेबलाखाली ठेवून बसतात.

ज्यांची लेकरे सोबत असतात त्यांचा प्रश्न आणखी नाजूक असतो. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला कारागृहात राहता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात अशा मुलांच्या आहार, आरोग्य आणि शिक्षणाबद्दल सविस्तर निर्देश दिलेले आहेत. चार वर्षांचे पोर आईच्या कुशीत पडल्या पडल्या तिच्या हातावरच्या रेषांवरून बोट फिरवते आणि विचारते, “माय, हे काय झालं वं?” त्या वेळी आईने खोटे रचण्याची गरज नाही आणि सगळे सांगण्याचीही नाही. “मायले लय दुःख झालं होतं, तवा लागलं. आता बरं हाये. तुह्यामुळं नाही झालं,” एवढे उत्तर त्या वयाला पुरते. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण लहान मुले घरातल्या प्रत्येक दुःखाचा दोष मुकाट्याने स्वतःकडे घेतात. असे उत्तर आधीच तयार करून ठेवायला समुपदेशकाने तिला मदत करावी, म्हणजे प्रश्न आला तेव्हा ती गडबडणार नाही.

कायदा काय सांगतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. कलम ३१ मध्ये कारागृहांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या प्राथमिक व तातडीच्या उपचारांचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांची सोय हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे, जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ राहिलेले नाही.

मात्र नव्या संहितेच्या कलम २२६ मध्ये, लोकसेवकाला काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्याच्या कामापासून रोखण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न अजूनही गुन्हा आहे. कारागृहात ही तरतूद फार जपून वापरली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोठडीत घडणारी प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या लोकसेवकासमोरच घडते, आणि दुःखाने कोलमडलेल्या बाईच्या कृतीला ‘दबाव आणण्यासाठी केले’ असे लेबल लावणे सोपे असते. अशा प्रसंगी तिला तातडीने वकील मिळायला हवा.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांत स्त्री कैद्यांसाठी ७० नियम आहेत. दाखल होताना मानसिक अवस्था आणि स्वतःला इजा करण्याचा धोका तपासावा, झडतीत स्त्रीची प्रतिष्ठा जपावी आणि स्वतःला इजा रोखण्याचे धोरण हा मानसिक आरोग्यसेवेचाच भाग असावा, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजेच हा विषय शिस्तीच्या खात्यात टाकायचा नसून आरोग्याच्या खात्यात टाकायचा आहे.

पहिल्या भेटीपासून काय करता येईल

तपासणी आडोशाला व्हावी, दुसऱ्या बंदिनी समोर उभ्या असताना नव्हे. खूण नोंदवण्याआधी ‘ही नोंद तुमच्याच संरक्षणासाठी आहे, ती कोण वाचते आणि कोण वाचत नाही’ हे सांगावे. व्रण जुने असतील तर ‘हे कसे केले’ हे विचारण्यात काहीच हशील नसते. ‘सध्या असे काही करावेसे वाटते का, वाटले तर इथे कुणाला सांगाल, आणि याबद्दल माझ्याशी बोलायला तुम्हाला चालेल का’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिने नको म्हटले तर विषय तिथेच थांबवावा आणि दार उघडे असल्याचे सांगावे. ज्यांना कोरकू, गोंडी किंवा कोलामी हीच बोली जवळची आहे, त्यांच्याशी त्या बोलीत बोलू शकणारी स्त्री शोधावी; मनातले दुःख परक्या भाषेत सांगणे फार अवघड असते.

धोक्याचे गुण मोजणाऱ्या तक्त्यांवर विसंबून राहण्याची सवयही सोडायला हवी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या, उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत असे तक्ते पुढचा धोका वर्तवण्यासाठी किंवा कुणाला उपचार द्यायचे हे ठरवण्यासाठी वापरू नयेत, असे सांगितले आहे. त्याऐवजी त्या व्यक्तीच्या गरजा, तिचे आयुष्य आणि तिला कोणत्या वेळी त्रास होतो, हे समजून घ्यावे. बंदिनीच्या बाबतीत या वेळा बहुतेकदा ओळखता येतात : जामीन फेटाळल्याची संध्याकाळ, लेकरू सहा वर्षांचे होऊन बाहेर पाठवायचा दिवस, घरून आलेली वाईट बातमी, सणाचे दिवस. बराकीतल्या महिला शिपायाला हे डॉक्टरपेक्षा आधी कळते. त्या दिवशी तिने पाच मिनिटे जवळ बसून ‘जेवलीस का?’ म्हणून विचारणे हा खरा उपचार आहे, आणि तो तिच्या कामाचा भाग म्हणून मान्य व्हायला हवा.

इजा केली म्हणून मुलाखत बंद करणे, ओरडणे, एकटीला वेगळ्या खोलीत ठेवणे, सर्वांसमोर कपडे तपासणे यांतून शरम वाढते आणि इजाही वाढते. जखम ताजी असेल तर आधी ती नीट धुऊन मलमपट्टी करावी, हळद किंवा चुना भरू नये, धनुर्वाताचे इंजेक्शन लागते का ते डॉक्टरांना विचारावे, आणि हे सगळे उपदेश न करता करावे.

व्रणाची काळजी

मनाबद्दल खूप लिहिले जाते, कातडीबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे हा भाग थोडा सविस्तर सांगतो. नवा व्रण लालसर किंवा गडद दिसतो आणि तो निवळायला वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त काळ लागतो. आपल्या सावळ्या त्वचेवर व्रण आजूबाजूपेक्षा काळा किंवा फिकट राहण्याचा संभव अधिक असतो, आणि काहींच्या अंगावर तो उंचवटा होऊन जखमेच्या हद्दीबाहेरही वाढतो. जखम पूर्ण भरल्यावर रोज हलक्या हाताने खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर चोळले तर खाज आणि ताठरपणा कमी होतो. उन्हाने रंग अधिक गडद होतो, म्हणून बाहेरच्या कामाला जाताना तो भाग झाकावा. उंच व्रणांवर सिलिकॉनचे जेल काही महिने नियमित लावल्याने फरक पडतो, आणि वाढत जाणाऱ्या व्रणांना त्वचारोगतज्ज्ञ इंजेक्शनही देतात. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, तसेच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे कारागृहातून रुग्ण पाठवता येतात. ‘दिसण्यासाठी’ म्हणून ही मागणी हलकी लेखू नये.

याशिवाय व्रण झाकणारे क्रीम असते. कोड आलेल्या रुग्णांना डॉक्टर जे सुचवतात, त्याच प्रकारचे. ते त्वचेच्या रंगाशी जुळवून पातळ थरात लावतात, वरून पावडर बसवतात, आणि ते घामापाण्यातही बराच वेळ टिकते. ते केवळ भरलेल्या त्वचेवरच लावायचे असते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी महिला तुरुंगातील, व्रण असलेल्या स्त्रियांसाठी हा उपाय वापरून पाहण्याचे काम हाती घेतले, आणि ब्रिटनमधील ‘चेंजिंग फेसेस’ ही संस्था सर्वसामान्यांसाठी अशी सेवा २०११ पासून चालवते. आपल्या कारागृहांत प्रसाधने आत येण्यावर बंधने असतात, हे मला समजते. पण डॉक्टरांनी लिहून दिलेले, प्लास्टिकच्या ट्यूबमधले क्रीम औषध म्हणून आत येण्यात अडचण असू नये.

इथे एक सावधगिरी पाळावी लागते. झाकणे ही तिची निवड असावी, तिच्यावरची अट नसावी. ‘आता क्रीम लावून ये, म्हणजे बाकीच्या बायका बघणार नाहीत’ असे कर्मचाऱ्याने म्हणणे आणि तिने स्वतः मुलाखतीच्या दिवशी क्रीम मागून घेणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एखादीला न झाकता राहायचे असेल तर तोही तिचा हक्क आहे, आणि तिच्याकडे टक लावून न पाहणे हे बराकीतल्या इतरांना शिकवावे लागते.

वकील, फोन आणि घरी परतणे

मानसिक आरोग्याच्या लेखात जामिनाचा विषय का, असे कुणाला वाटेल. पण न्यायबंदी असलेल्या स्त्रीच्या ताणाचे सर्वांत मोठे कारण बहुतेकदा अनिश्चितता हेच असते, आणि ती कमी करणारी माणसे समुपदेशकांपेक्षा वकिलांत अधिक सापडतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये गंभीर गुन्ह्यातही आरोपी स्त्री आहे किंवा आजारी आहे, हे लक्षात घेऊन जामीन देण्याची मुभा न्यायालयाला आहे. पूर्वी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ कोठडीत काढला असेल, तर कलम ४७९ खाली सुटकेचा मार्ग खुला होतो. मात्र फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना तो लागू नाही. पुढची तारीख कधी आणि त्या दिवशी काय होणार, एवढे जरी तिला नीट समजावून सांगितले, तरी झोप थोडी सुधारते.

सुटका झाल्यावर प्रश्न संपत नाही. गावात कासाराकडे बांगड्या भरायला बसले की हात त्याच्या हातात द्यावा लागतो, आणि शेजारी बसलेल्या दहा बायकांच्या नजरा त्या मनगटावर असतात. निंदणाला, कापूस वेचायला गेले तरी तेच. ‘जेलातून आली’ हा एक ठपका, आणि ‘डोक्यावर परिणाम झाला’ हा दुसरा. घरच्यांनी हा विषय जेवताना, पाहुण्यांसमोर किंवा भांडणात काढू नये. ‘तुझ्या हातावर काय आहे ते मला माहीत आहे, तुला बोलायचे असेल तेव्हा मी आहे,’ एवढे एकदा सांगून ठेवावे.

मानसिक उपचार गावात कुणी घेणार नाही, हा समज विदर्भातच खोटा ठरला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ताणाबद्दल बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या शब्दांत विचारले की लोक बोलतात.

म्हणून सुटकेच्या दिवशी तिच्या हातात चालू गोळ्यांचा किमान काही दिवसांचा साठा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जायची तारीख असायला हवी. तिची संमती असेल तरच गावच्या आशा सेविकेला कळवावे आणि सुटकेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिने भेट द्यावी, कारण हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो तिला तोंडपाठ करून द्यावा आणि तिच्या सोबत राहणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्येही टाकून द्यावा.